कोकणातून सह्याद्री चढताना: पाऊस, पऱ्ये आणि दरडी यांचा अंदाज कसा घ्यावा

पावसाळ्यात पहिल्यांदाच डोंगरात निघालेली मंडळी हमखास विचारतात, "उद्या पाऊस आहे का?" कोकणात जुलै महिन्यात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. पाऊस असणारच. खरं तर विचारायला हवं ते असं: गेल्या तीन दिवसांत किती पडला, ते पाणी आता डोंगरात कुठे मुरलंय, आणि आपली वाट त्याच्या खालून किंवा त्यातून जाते का. यातलं बरंचसं घरबसल्या कळतं, उरलेलं पायथ्याच्या वाडीत कळतं. ते कसं काढायचं हे क्रमाने सांगतो.

हे लिहिलंय ते पनवेल-कर्जतपासून खाली सावंतवाडीपर्यंत, कोकणाच्या बाजूने चढणाऱ्या वाटांसाठी. इर्शाळगड, कलावंतीण, रायगडाचा परिसर, खेडचे रसाळगड-सुमारगड-महिपतगड, चिपळूण-संगमेश्वरच्या मागच्या घाटवाटा, आंबोलीचं जंगल. देशावरून येणारा माणूस आधीच घाटमाथ्यावर असतो. कोकणातून चढणारा मात्र सगळा दिवस त्या उभ्या भिंतीखाली काढतो आणि वरून सुटलेलं पाणी, दगड, माती त्याच्याच दिशेने येत असतात.

हिमालयात बर्फातून जाणाऱ्यांना निदान हिमस्खलनाचा इशारा तरी मिळतो. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था तिथल्या डोंगराळ भागांसाठी तो काढते. तिथे जाणकार तीन गोष्टी बघतात: उताराचा कोन किती (बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात), नवं बर्फ किती पडलं आणि त्याखालचा थर कच्चा आहे का. सह्याद्रीत बर्फ नाही, पण विचार करायची रीत तीच लागते. उतार, त्यावर आलेलं ओझं आणि खालचा निसटता थर. फक्त एखाद्या पायवाटेपुरता दरडीचा रोजचा अंदाज आपल्याकडे मिळत नाही, तो आपला आपण बांधावा लागतो.

आधी हे समजून घ्या: जिल्ह्याचा पाऊस आणि धारेवरचा (डोंगरमाथ्यावरचा) पाऊस

अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा कोकणची अरुंद पट्टी ओलांडून सह्याद्रीला अडतो. वर चढताना तो गार होतो आणि बाष्प सोडतो. म्हणून किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीत तो सात हजारांच्या आसपास जातो. अलिबागच्या समुद्रावर ऊन पडलेलं असताना माणगावच्या मागे डोंगर दिवसभर काळाकुट्ट असू शकतो.

शिवाय पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. सपाट मुंबईत एवढा फरक, तर डोंगराच्या दोन सोंडांमध्ये (माथ्यावरून खाली उतरत आलेल्या धारांमध्ये) किती पडेल याचा विचार करा. म्हणून "रायगड जिल्ह्यात मध्यम पाऊस" या वाक्यावर विसंबून कोणी लिंगाण्याच्या पायथ्याला जाऊ नये.

तीन दिवस आधी: बुलेटिन नीट वाचा

हवामान खात्याच्या मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार इशारा रोज निघतो. बातम्यांमध्ये त्यातला फक्त रंग येतो. रंगामागचा आकडा माहीत असला पाहिजे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्याच्या वर म्हणजे अत्यंत मुसळधार. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा आणि रेड म्हणजे तातडीने सावधगिरीची पावलं उचला.

नवख्या माणसाच्या नजरेतून बुलेटिनमधल्या दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे "तुरळक ठिकाणी" हे शब्द. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. "तुरळक ठिकाणी अतिमुसळधार" असं वाचलं की माणूस निर्धास्त होतो, की आपल्यावर कशाला पडेल. पण कोकणात ते तुरळक ठिकाण बऱ्याचदा घाटाचीच पट्टी असते, आणि आपण तिथेच निघालेलो असतो. डोंगरात जाणाऱ्याने "तुरळक ठिकाणी" हे शब्द पुसून उरलेलं वाक्य वाचावं.

दुसरी गोष्ट म्हणजे धारेपलीकडचा जिल्हा. आपला किल्ला रायगड जिल्ह्यात असला तरी त्याच्या माथ्यावरचं पाणलोट पुण्याला किंवा साताऱ्याला लागून असतं. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाट परिसराचा इशारा वेगळा दिला जातो. महाडच्या मागे जायचं तर रायगडसोबत पुणे घाट आणि सातारा घाट बघा. खेड-चिपळूणच्या मागे सातारा घाट, राजापूर-वैभववाडीच्या मागे कोल्हापूर घाट. दोन्हींपैकी जो रंग जास्त गडद असेल तो आपला धरायचा.

आता मागचा पाऊस. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे आज सकाळी छापून येणारा आकडा काल साडेआठपासूनचा असतो. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय, म्हणजे काही गावांच्या गटानुसार, पाऊस मिळतो. आपल्या वाटेच्या सर्वांत जवळचं मंडळ शोधा आणि निघायच्या आधीच्या तीन दिवसांची बेरीज करा. मंडळाचं मापक बहुधा खालच्या गावात असतं, धारेवर त्याहून जास्तच पडलेला असणार हे गृहीत धरा.

माझा स्वतःचा हिशेब असा आहे: तीन दिवसांची बेरीज दोनशे मिलिमीटरच्या आत असेल आणि पुढे यलोपर्यंतच इशारा असेल, तर सोंडेवरून जाणारी ओळखीची वाट चालेल. बेरीज तीनशेच्या पुढे गेली तर उभ्या डोंगराच्या पोटातून जाणारी वाट रद्द, मग शनिवारी ऊन का पडेना. ऑरेंज असेल तर कोणताही पऱ्या (डोंगरातला ओढा) ओलांडायची वाट रद्द. रेड असेल तर घरी. हे शास्त्राचे आकडे नाहीत, अनुभवाने बांधलेले आहेत, आणि नवख्यांनी ते आणखी खाली आणायला माझी काहीच हरकत नाही.

मागच्या पावसाला एवढं महत्त्व का, ते तारखा सांगतात. महाड तालुक्यातल्या जुई आणि दासगावच्या दरडी २००५ च्या जुलैअखेरीच्या. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४. तळिये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. वर्षं वेगवेगळी, डोंगर वेगवेगळे, पण सगळ्या घटना जुलैच्या शेवटच्या बारा-तेरा दिवसांतल्या. आपले शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. पुष्य नक्षत्र लागतं ते १९-२० जुलैच्या सुमाराला. तोवर मृग, आर्द्रा आणि तरण्या पावसाने डोंगर पोटापर्यंत भिजलेला असतो आणि त्यावर दोनतीन दिवसांची झड बसली की माती सुटते. २२ जुलै २०२१ च्या सुमाराला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. डोंगरात नव्याने जाणाऱ्यांनी हे बारा दिवस उभ्या भिंतीपासून लांबच राहावं असं माझं ठाम मत आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात श्रावणसरी असतात, हिरवळ तीच असते, रानफुलं जास्त असतात. तेव्हा जा.

वाट कोणती घ्यायची

एकाच किल्ल्याला तीन वाटा असल्या तर पावसाळ्यात त्या तीन वेगळ्या जागा समजाव्यात. सोंडेवरून चढणारी वाट सगळ्यांत बरी. दोन्ही बाजूंनी पाणी उतरून जातं, डोक्यावर उतार कमी असतो आणि अडचण आली तर जायला जागा असते. तिथे भीती वाऱ्याची आणि विजेची.

डोंगराच्या पोटातून आडवी जाणारी वाट, जिला ट्रेकर ट्रॅव्हर्स म्हणतात, ती दिसायला सोपी. पण वर दोनशे-तीनशे फूट उतार आणि खाली तेवढीच दरी, अशी ती अर्धा-पाऊण तास चालते. दरड आली तर पळायला बाजू नाही. पुढे घसरण लागली तर मागे तेच अंतर पुन्हा त्याच उताराखालून.

नाळेची वाट पावसाळ्यात घेऊच नका. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ किंवा सिंगापूरची नाळ हिवाळ्यात सुंदर आहेत, पण नाळ म्हणजे डोंगराने पाणी आणि दगड खाली टाकायला केलेली वाटच आहे. वर ढग फुटला तर खाली उभ्या माणसाला तो दिसतही नाही.

पठारावर दरडीचा धोका कमी, पण धुक्याचा जास्त. ढग खाली आले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि कडा कुठे संपतो तेही कळत नाही. ऑफलाइन नकाशा आणि आधीच उतरवलेला ट्रॅक असल्याशिवाय पठार ओलांडू नये. धुक्यात वाट हुकली तर शोधत फिरण्यापेक्षा सगळ्यांनी जागच्या जागी थांबावं, पंधरावीस मिनिटांत बऱ्याचदा ढग हलतो.

जिल्हा प्रशासन पावसाळ्यात काही धबधबे, किल्ले, घाटवाटा यांवर मनाई आदेश काढतं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे उतरले, लोक अडकले आणि पायरीमार्ग बंद करावा लागला. वरंधा आणि आंबेनळी घाटही पावसात अधूनमधून बंद असतात. निघायच्या आधी तालुक्याच्या बातम्या आणि घाटाची स्थिती बघून घ्या, म्हणजे पोलादपूरहून माघारी फिरावं लागणार नाही.

तुम्ही एखाद्या ग्रुपसोबत पैसे भरून जात असाल तर आयोजकाला तीन गोष्टी बिनदिक्कत विचारा: वाटेत पाणी किती ठिकाणी ओलांडायचं आहे, पाणी वाढलं तर दुसरी वाट कोणती, आणि कोणत्या अलर्टला तुम्ही ट्रेक रद्द करता. "बघू, तिथे गेल्यावर ठरवू" असं उत्तर आलं तर पैसे बुडाले तरी चालतील, जाऊ नका.

आदली रात्र आणि निघायची सकाळ

आदल्या रात्री ताजा इशारा पुन्हा बघा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते मध्य भारताकडे सरकत असेल, किंवा किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं बुलेटिनमध्ये असेल, तर कोकणावर वाऱ्याचा जोर वाढतो. हे दोन्ही एकदम असतील तर यलोचा ऑरेंज व्हायला वेळ लागत नाही.

सकाळी रडारचं चित्र बघा. उत्तर कोकणाला मुंबईचं डॉप्लर रडार आहे, तळकोकणाला गोव्याचं. एकच चित्र बघून काही कळत नाही. अर्ध्या तासाच्या अंतराने तीन चित्रं बघा. पट्टे समुद्रावरून येऊन पुढे निघून जात असतील तर सरींचा दिवस आहे, मध्ये उघडीप मिळेल. एकामागून एक पट्टे त्याच जागेवर येऊन बसत असतील तर त्या जागी पाणी साठतंय. ती जागा आपला डोंगर असेल तर चहा घेऊन घरीच बसावं. खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही असतो, तो गाडीत बसायच्या आधी वाचायचा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी अॅप फोनमध्ये ठेवा.

भरतीची वेळ हे कोकणातलं खास प्रकरण. डोंगरात भरतीचं काय काम, असं वाटेल. पण परतीची एसटी किंवा गाडी महाड, चिपळूण, राजापूर, खारेपाटण अशा नदीकाठच्या गावांतून जाते. डोंगरातून उतरलेलं पाणी खाडीला भेटतं, आणि त्याच वेळी उधाणाची भरती असली तर ते समुद्रात जात नाही, गावात शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. भरतीची ढोबळ वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीचे पाऊणपट करा. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुसरी भरती साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. मोठ्या पावसाचा इशारा आणि उधाण एकत्र आले तर डोंगर सुरक्षित असला तरी घरी पोचता येईलच असं नाही, हे धरून चाला.

पायथ्याच्या वाडीत

इथे घाई करू नका. गाडी लावली आणि सुटले, असं करणाऱ्यांना सगळ्यात उपयोगाची माहिती मिळत नाही. पहिल्या घराच्या ओटीवर कोणी बसलेलं असेल तर थांबा, नमस्कार करा आणि नेमकं विचारा. "वाट चालू आहे का?" याला "हो, जातात की लोकं" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा "मावशी, वरच्या पऱ्याला काल पाणी कसं होतं?" असं विचारलं की "काल गुरं पल्याड नेलीच नाहीत बाबा" असं काहीतरी हाती लागतं. जनावर पाण्याला बिचकलं असेल तर आपणही त्या पाण्यात उतरायचं नाही.

आणखी विचारायचं: रात्री किती वेळ पडला आणि कधी थांबला. वर कुठे माती घसरली का. विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी गढूळ झालंय का. डोंगरातून काही आवाज आला का. धनगरवाड्यातला किंवा ठाकरवाडीतला माणूस हे सगळं रोज बघतो. तो "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये, आणि शंभर रुपये जास्त देतो म्हणून त्याला वाटाड्या म्हणून ओढूनही नेऊ नये.

त्याच घरी सांगून निघा: आम्ही इतके जण, अमुक वाटेने, चारपर्यंत खाली. एक नंबर देऊन ठेवा. जुलैत कोकणात वीज गेली की टॉवरही बंद पडतात, तेव्हा वाडीतल्या माणसाला तुम्ही वर आहात हे ठाऊक असणं हाच खरा आधार.

वाडीच्या मागचा डोंगरही नीट बघा. इर्शाळवाडी ही इर्शाळगडाला जाणाऱ्यांची नेहमीची वाट आणि थांबा होती, आणि ती सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. एखादं गाव यादीत नाही म्हणून त्याच्या वरचा उतार पक्का ठरत नाही. मुक्काम करायचा तर तीव्र उताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याच्या तोंडाशी नको, मग ते देऊळ असो वा शाळा.

वाटेवर: पाणी

पावसाळी ट्रेकमध्ये माणसं पाण्यात वाहून जातात ती बहुतेक ओढा ओलांडताना किंवा धबधब्याखाली उभी असताना. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे होते. पाणी वाढायला फार वेळ लागला नव्हता.

का वाढतं ते आकड्यात बघा. तुमच्या पऱ्याचं पाणलोट फक्त एक चौरस किलोमीटर आहे असं धरा. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाच कोटी लिटर पाणी होतं. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं फारसं मुरत नाही. उतार उभा, पऱ्या आखूड, म्हणून ते तासाभरात खाली येतं. तुमच्या डोक्यावर तेव्हा कदाचित ऊनही असेल.

काठावर पोचलात की लगेच पाय घालू नका. पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवा, किंवा काठी रोवा, आणि दहा मिनिटं बसा. तेवढ्या वेळात चार गोष्टी बघून होतात. पाणी दगडावर चढलं की खाली गेलं. रंग स्वच्छ आहे की चहासारखा होत चाललाय. पाला, काटक्या, ताजी तुटलेली फांदी वाहून येतेय का. आणि आवाज: खळखळ आहे तोवर बरं, तळातून दगड घरंगळल्याचा जड आवाज येऊ लागला की उठून उंचावर जायचं. पाण्यात एक काटकी टाका आणि तिच्या बरोबरीने काठाने चाला. भराभर चालूनही ती पुढे गेली तर ओलांडायचं नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल तरी नाही. तळ दिसत नसेल तरी नाही.

ओलांडायचं ठरलं तर जागा रुंद आणि उथळ निवडा, खाली लगेच धबधबा किंवा झाडांची गुंतवळ नको. बूट पायातच ठेवा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरू नका. पाय सुटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

आणि हे विसरू नका: सकाळी ओलांडलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा ओलांडायचं आहे. सकाळी घोट्याएवढं होतं म्हणून दुपारच्या तीन तासांच्या पावसानंतरही तेवढंच असेल असं नाही. ठरवलेल्या वेळेला, माथा आला नसला तरी, मागे फिरायचं. मी बारा वाजता फिरतो. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो, पण ढगाखालच्या जंगलात साडेपाचलाच अंधारून येतं.

वाटेवर: माती आणि दगड

सह्याद्रीचा काळा खडक थरांवर थर असा रचलेला आहे. त्यावर मुरूम आणि मातीचं आवरण, कुठे पुरुषभर, कुठे त्याहून जास्त. पाणी मातीतून खाली झिरपतं, कातळाला अडतं आणि त्या सांध्यातून आडवं वाहू लागतं. माती फुगते, जड होते, तिची पकड सुटते. खडकाच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे लालसर चिकणमातीचा थर असतो, तोही असाच निसटता. म्हणूनच दरड पाऊस थांबल्यावर काही तासांनीही येते. "आता उघडलंय, चला" म्हणून अशा उताराखाली शिरणं सगळ्यात फसवं.

पुढची चिन्हं दिसली तर ती वाट तिथेच सोडा. कालपर्यंत कोरड्या असलेल्या उतारातून नवा झरा फुटलेला. नेहमीचा झरा एकाएकी आटलेला किंवा गढूळ लाल झालेला. वाटेला समांतर, उताराला आडवी गेलेली जमिनीतली चीर, मग ती बोटभर का असेना. मुळं उखडून नव्याने कललेली झाडं. (बुंधा वाकून वर सरळ झालेलं जुनं झाड म्हणजे तो उतार वर्षानुवर्षं हळूहळू सरकतोय.) हिरव्या डोंगरावर ताजा लाल ओरखडा. आणि वारा नसताना, माकडं नसताना वरून सुटणारे बारीक दगड.

चीर दिसली की पुष्कळांना तिचा फोटो काढायला वाकायचं असतं. आधी बाजूला, जवळच्या सोंडेवर जा. दरडीपुढे उताराने खाली धावून कोणी सुटत नाही, आडवं पळायचं असतं. धोक्याचा पट्टा ओलांडावाच लागला तर एकेकाने, न बोलता, न थांबता. बाकीचे अलीकडे सुरक्षित जागी उभे राहून वर नजर ठेवतील.

वीज, वारा आणि गारठा

ऐन जुलैत विजा कमी. त्या येतात मेअखेरीला, मृगाच्या तोंडावर आणि पुन्हा हस्तापासून (सप्टेंबरअखेरीपासून) दिवाळीपर्यंत, भातकापणीच्या दिवसांत. तेव्हा सकाळ लख्ख असते, दुपारी सह्याद्रीवर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी ते कोकणात उतरतात. त्या दिवसांत दुपारी दोनच्या आत खाली यायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर बुरूज, ध्वजस्तंभ, लोखंडी रेलिंग, एकटं झाड आणि गुहेचं तोंड सोडून खालच्या बाजूला या, एकमेकांपासून अंतर ठेवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जागचे हलू नका.

कोकणात गारठून माणूस कोसळतो हे अनेकांना पटत नाही. हजार मीटरच्या खिंडीत, चिंब सुती कपड्यात, सोसाट्याच्या वाऱ्यात तासभर थांबून बघा. थरथर, मग जीभ जड, मग बडबड असंबद्ध, आणि थरथर थांबली तर प्रकरण गंभीर. कोरडा टी-शर्ट आणि विंडचीटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवा आणि ते फक्त अशा वेळीच काढा.

अडकलात तर

पाणी चढलं आणि परतीची वाट तुटली तर आहात त्याच बाजूला, ओढ्यापासून उंच, पण डोक्यावर कडा किंवा कच्चा उतार नसलेल्या जागी बसा. आखूड पऱ्याचं पाणी पाऊस ओसरल्यावर काही तासांत उतरतं. एक रात्र उपाशी आणि ओली काढणं शक्य असतं. त्यासाठी हेडटॉर्च, शिट्टी, गूळ-शेंगदाणे आणि एक मोठी प्लास्टिकची ताडपत्री सॅकमध्ये असावीच.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. डोंगरातल्या शोधकार्यासाठी गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवा. फोन लागला की आधी ठिकाण, किती माणसं आणि कोणाला काय झालंय एवढं सांगा, रेंज गेली तरी कामाचं पोचलेलं असतं. आणि मदत लगेच येत नाही हे मनात धरा. इर्शाळवाडीला बचावपथकांना पावसात, अंधारात, पायी डोंगर चढून जावं लागलं, यंत्रं वर नेताच आली नाहीत.

खाली पोचलात की आधी त्या ओटीवर जाऊन सगळे आल्याचं सांगा, नाहीतर रात्री वाडीतली माणसं तुम्हाला शोधायला निघतील. वर नवी चीर, ताजी घसरण किंवा गढूळ झालेला झरा दिसला असेल तर तेही तिथेच सांगा. जागा आणि वेळ लिहून पोलीस पाटलांना किंवा तलाठ्याला कळवा, लांबून काढलेला फोटो असेल तर तोही द्या. त्या उताराखाली तुम्ही एक दिवस होतात, ते तिथेच झोपतात.